पंप पुढे जातो, पण बसत नाही

अमेरिकेत शॉटगन म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पंपची बंदूक येते. नळीखाली सरकती मूठ असते. ती मागे ओढली की रिकामी पुंगळी बाहेर पडते, पुढे ढकलली की नवं काडतूस चेंबरमध्ये जातं. जॉन ब्राउनिंगने विंचेस्टर कंपनीसाठी घडवलेली 1897ची बंदूक या घराण्यातली जुनी आणि नामांकित. 1950 साली आलेली रेमिंग्टन 870 तर एक कोटीहून अधिक संख्येने बनली. रानातले शिकारी, मातीच्या चकत्या टिपणारे नेमबाज, गस्तीवरचे पोलीस, सगळे हीच वापरतात आणि एक तक्रार या सगळ्यांकडे कधी ना कधी येते : बंदूक बंद होते, पण कुलूप लागत नाही.

ही तक्रार हाताळण्याच्या दोन रीती आहेत, मालकाने स्वतः बंदूक उघडायची किंवा चिठ्ठी बांधून जाणकाराकडे सोपवायची, आणि त्या एकमेकींशी भांडतात. ते भांडण पुढे मांडता यावं म्हणून हा संवाद रचला आहे. भाचा मिनेसोटात स्थायिक, अमेरिकन नागरिक. ऑक्टोबरात आपली रेमिंग्टन 870 घेऊन फेझंट पक्ष्यांच्या शिकारीला जातो, एरवी ट्रॅप खेळतो, म्हणजे उडत्या मातीच्या चकत्या टिपतो. त्याची शाळकरी मुलगीही शाळेच्या ट्रॅप संघात आहे. मिनेसोटात शेकडो शाळांचे असे संघ आहेत. मामा महाराष्ट्रातल्या पोलीस शस्त्रागारातून आर्मोरर म्हणून निवृत्त झालेले, पर्यटक व्हिसावर भाच्याकडे आलेले. अमेरिकी संघराज्याच्या कायद्यानुसार अशा पाहुण्याला बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही. एखाद्या राज्याचा शिकार परवाना असणं यासारखे मोजकेच अपवाद आहेत. म्हणून मामा हात पाठीमागे बांधून उभे आहेत. कसब त्यांच्याकडे आहे आणि हक्क भाच्याकडे.

भाचा : मामा, बघा. मूठ पुढे जाते, पण थांबत नाही. जरा ओढली की परत मागे. अ‍ॅक्शन बार लॉक झिजला असणार. नवा मागवतो. दोन पिना ठोकल्या की चापाचा अख्खा संच खाली निघतो. अर्ध्या तासाचं काम आहे.

मामा : रिकामी आहे?

भाचा : हो.

मामा : कशावरून?

भाचा : कालच मी रिकामी करून ठेवली.

मामा : ते कालचं झालं. सेफ्टी लाव. नळी त्या काँक्रीटच्या भिंतीकडे कर आणि बोट चापाच्या बाहेर ठेव. आता मूठ पूर्ण मागे घे. चेंबरमध्ये डोळ्याने बघ, मग करंगळी घालून बघ. खाली मॅगझिनच्या तोंडात काय दिसतंय?

भाचा : फॉलोअर, काडतुसं ढकलणारा तुकडा. काडतूस नाही.

मामा : आता ते फळीवरचे काडतुसांचे डबे खोलीबाहेर नेऊन ठेव. दुरुस्तीच्या टेबलाजवळ जिवंत काडतूस नको. आमच्याकडे ही पहिली शिस्त.

भाचा : इथेही तेच शिकवतात, मामा. मुलीला शिकारीच्या सुरक्षा वर्गात पहिल्या दिवशी हेच सांगितलं.

मामा : मग बापाने का नाही केलं?

भाच्याने डबे उचलून नेले. परत आल्यावर मामांनी दुसरा प्रश्न विचारला.

मामा : बंदूक शेवटची बंद केलीस, तेव्हा चाप ओढला होतास?

भाचा : हो. रिकामीच होती. स्प्रिंगवर ताण राहू नये म्हणून ओढून ठेवतो.

मामा : म्हणजे आतला घोडा पडलेला. या बंदुकीत घोडा पडला की मूठ मोकळी होते, तशीच रचना आहे तिची. गोळी सुटल्यावर नेमबाजाला लगेच पंप मारता यायला हवा ना? कुलूप घोडा चढलेला असतानाच लागतं. एकदा पूर्ण मागे घे, पूर्ण पुढे ढकल, आणि चापाला हात लावू नकोस.

भाच्याने तसं केलं. मूठ पुढे गेली आणि शेवटच्या अर्ध्या इंचावर अडली. जोर लावला तरी हलली नाही.

भाचा : हे काय? मघाशी तर पुढे गेली होती.

मामा : खरंच पूर्ण गेली होती का? तेव्हा मूठ मोकळी होती, तू फक्त तेवढंच पाहिलंस. आता बोल्टकडे बघ. तो नळीला भिडलेला नाही. म्हणजे तुझा अ‍ॅक्शन बार लॉक निर्दोष असू शकतो. जे दार चौकटीत बसतच नाही, त्याची कडी बदलून काय होणार?

इथे यंत्राच्या आत काय चालतं ते नीट समजून घेतलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. 870मध्ये मुठीपासून दोन पोलादी पट्ट्या मागे जातात, त्यांना अ‍ॅक्शन बार म्हणतात. त्यांच्या मागच्या टोकाला एक स्लाइड ब्लॉक असतो आणि त्यावर बोल्ट बसतो. बोल्टच्या पोटात लॉकिंग ब्लॉक नावाचा तुकडा आहे. बोल्ट नळीला भिडून थांबला, तरी मुठीची थोडी चाल उरलेली असते. त्या उरलेल्या चालीत स्लाइड ब्लॉक बोल्टच्या खालून पुढे सरकतो आणि लॉकिंग ब्लॉकला वर उचलतो. ब्लॉक नळीच्या मागच्या वाढीव भागातल्या खाचेत शिरला की बोल्ट आणि नळी पोलादाला पोलाद जखडले जातात. एवढं झाल्यावर डाव्या पट्टीमागे अ‍ॅक्शन बार लॉक वर येतो आणि मूठ अडवून धरतो. म्हणजे कुलुपं दोन आहेत. एक स्फोटाचा दाब सोसणारं, दुसरं फक्त मूठ जागेवर ठेवणारं. तक्रार करणारा माणूस सहसा दुसऱ्यावर संशय घेतो, कारण त्याची कळ चापाच्या कड्यापाशी हाताला लागते. पहिलं आत दडलेलं असतं.

आणि दाब थोडाथोडका नसतो. अमेरिकेत 12 बोरच्या 70 आणि 76 मिलिमीटरच्या काडतुसांसाठी चौरस इंचाला 11,500 पौंड ही कमाल मर्यादा ठरलेली आहे. तो दाब नेमबाजाच्या गालापासून वीतभर अंतरावर तयार होतो.

भाचा : मग अडतंय कुठे? रबरी हातोडीने मुठीला एक टोला देऊ? कधी कधी बसतं.

मामा : अजिबात नाही. आत काडतूस असताना तर कधीच नाही. ही बंदूक पूर्ण बंद झाल्याशिवाय चाप घोड्याला सोडत नाही, तशी तिची योजना आहे. तू ठोकून ठोकून तिला अर्धवट कुठेतरी नेऊन बसवलंस, म्हणजे त्या योजनेची परीक्षा तुझ्या चेहऱ्यासमोर घेतलीस. शिवाय सगळ्या पंप बंदुका सारख्या नसतात. 1897च्या विंचेस्टरमध्ये चाप दाबून धरला आणि पंप पुढे मारला, तर बंद होता क्षणी गोळी सुटते. जुन्या इथाका 37चंही तसंच. एका बंदुकीवर लागलेली सवय हात दुसरीवर घेऊन जातो.

भाचा : पण मामा, तुमची पद्धत म्हणजे चिठ्ठी बांधायची आणि कपाटात ठेवून द्यायची. इथे हंगाम तोंडावर आला की गनस्मिथकडे रांग लागते. ही बंदूक बनवणाऱ्यानेच ती मालकाला उघडता यावी अशी बनवली आहे. सोबतच्या पुस्तिकेत सफाई लिहिलेली असते, नळी कशी काढायची ते असतं. मालकाला आपली बंदूक आतून माहीत नसेल, तर तो जास्त धोकादायक की कमी? आपल्याकडे कोकणात शेतीसंरक्षणाचा परवाना असलेले कितीतरी लोक आहेत. बंदुकीच्या पोटात काय आहे हे त्यांना कुणी कधी दाखवलंय का?

मामा : हे मात्र तू बरोबर बोललास. दाखवायला हवं. परवान्याबरोबर शिक्षण जितकं खोल जायला हवं तितकं जात नाही, हे मी नोकरीत असतानाही म्हणत होतो. पण बघणं वेगळं आणि बदलणं वेगळं. 1959च्या शस्त्र कायद्यात दुरुस्तीलाही परवाना लागतो, तो उगीच नाही. तू बघ, पूस, नीट बसव. कानस मात्र धरू नकोस.

भाचा : इथे स्वतःच्या बंदुकीला कानस लावायला परवाना लागत नाही. दुसऱ्यांच्या दुरुस्तीचा धंदा करायचा असेल तर संघराज्याचा परवाना लागतो.

मामा : कायदा अडवत नाही म्हणून पोलादाचा कडकपणा बदलतो का? लॉकिंग ब्लॉकचा माथा कानशीने किंचित खाली घेतलास, की बंदूक सुरेख बंद होईल. पहिल्या दिवशी तुला वाटेल, जिंकलो. पण बोल्ट आणि काडतुसाच्या बुडामध्ये तू फट तयार केलेली असेल, आणि ती फट डोळ्याला दिसत नाही. ती मोजायला गेज लागतो. तुझ्याकडे गेज आहे?

भाचा : नाही.

मामा : मग तिथे तुझी हद्द संपली. त्याच्या अलीकडे पुष्कळ काम आहे, ते कर. सांग, गेल्या वेळी सफाईसाठी नळी काढली होतीस?

भाचा : हो, पावसात भिजली होती.

मामा : मॅगझिनच्या टोकाची टोपी बघ.

टोपी बोटाने फिरली. ती न काढताही नळी फारसा जोर न लावता किंचित पुढेमागे सरकली. या बंदुकीत नळी रिसीव्हरमध्ये, म्हणजे बंदुकीच्या मधल्या धडात, मागेपर्यंत घट्ट भिडलेली हवी. नळीखालचं कडं मॅगझिनवर बसतं आणि टोपी त्याला मागे दाबून धरते. नळी जराशी पुढे राहिली, तर तिच्यावरची खाचही तेवढीच पुढे राहते. लॉकिंग ब्लॉकला वर जायला जागाच उरत नाही. ब्लॉक वर गेला नाही की स्लाइड अडतो, स्लाइड अडला की मूठ अडते, आणि मालक सुट्या भागांच्या दुकानात अ‍ॅक्शन बार लॉक शोधू लागतो.

भाच्याने नळी पुन्हा काढून बॅटरीच्या उजेडात धरली. खाचेच्या कोपऱ्यात काळपट, मेणासारखा थर जमला होता : जुनं तेल, न जळलेल्या दारूचे दाणे, छर्र्यांमागच्या प्लास्टिकच्या बुचाचे, म्हणजे वॅडचे, कण. बोल्टवर पुंगळी ओढणारा जो आकडा असतो, त्याच्या मागेही तोच थर होता.

मामा : पावसात भिजली म्हणून तेल ओतलंस ना? पाण्यापासून वाचवलंस ते बरं केलंस. पण तेल पुसून काढायचं असतं, नाहीतर ते धूळ धरून ठेवतं. थंडीत तर जाड ग्रीस गोठल्यासारखं होतं, आणि तुमच्याकडची थंडी मी ऐकून आहे. ब्रश घे. नायलॉनचा किंवा पितळी. लोखंडी सुई, पेचकस असलं काही नको, खाचेची कड दुखावेल. चेंबरलाही ब्रश फिरव, तिथे गंज आला तर काडतूस आत अर्धवट राहतं.

सफाई झाली. नळी मागेपर्यंत दाबून बसवली, मग टोपी आवळली. मूठ मागे, मूठ पुढे. या वेळी शेवटच्या अर्ध्या इंचात ती न अडखळता गेली आणि स्पष्ट आवाज आला. भाच्याने ओढून पाहिलं, हलली नाही. चापाजवळची कळ दाबली, मोकळी झाली. त्याने हे पुन्हा पुन्हा करून पाहिलं.

भाचा : बघा! गनस्मिथ लागला नाही. मी म्हणत होतो ते हेच.

मामा : तू म्हणत होतास की नवा भाग मागवतो.

भाचा : मान्य. पण तुमच्या शस्त्रागारात हीच बंदूक आली असती तर? शिपायाने हात लावायचा नाही, चिठ्ठी बांधायची, रजिस्टरला नोंद, मग तुमची वाट बघायची. सैल टोपीसाठी बंदूक चार दिवस बाद. शिपायाला टोपी आवळायला शिकवलं असतं तर?

मामा : शिपाई टोपी आवळतोच, रोजची सफाई त्याचीच असते. पण जी बंदूक एकदा बंद व्हायला नकार देते, तिला मी बाजूच्या रॅकमध्ये ठेवतो आणि चिठ्ठी बांधतो, कारण पुढच्या पाळीला तिला उचलणारा माणूस वेगळा असतो. त्याला कळायला हवं. तुला वाटतं हे सरकारी कागदोपत्रांचं वेड आहे. मी ती चिठ्ठी त्या पुढच्या माणसासाठी बांधतो.

भाचा : माझ्या घरात पुढचा माणूस कोण आहे?

मामा : तुझी मुलगी.

भाचा काही क्षण बोलला नाही. मग म्हणाला, ती स्वतःची बंदूक वापरते. 20 बोरची.

मामा : आणि काडतुसं कुठे ठेवता? मघाशी तू जे डबे बाहेर नेलेस त्यांत पिवळी काडतुसं होती, मी पाहिली.

भाचा : एकाच फळीवर. डबे वेगळे आहेत.

मी या संवादातला सगळ्यांत महत्त्वाचा भाग हाच मानतो. बोरचा आकडा वाढतो तसं तोंड लहान होतं. एका पौंड शिशाचे, म्हणजे 454 ग्रॅमचे, 12 सारखे गोळे केले तर त्यातला एक ज्या नळीत बसेल ती 12 बोर, साधारण 18.5 मिलिमीटरची. 20 गोळे केले तर 20 बोर, साधारण 15.6 मिलिमीटरची. त्यामुळे 20 बोरचं काडतूस चुकून 12 बोरच्या बंदुकीत गेलं, तर ते चेंबरमध्ये थांबत नाही. घरंगळत पुढे जातं आणि चेंबर जिथे अरुंद होतं तिथे अडकून बसतं. मागून पाहिलं तर चेंबर रिकामं वाटू शकतं. चाप ओढला तर नुसती टिक्. नेमबाजाला वाटतं काडतूस घालायचं राहिलं, म्हणून तो मागून 12 बोरचं घालतो. बंदूक व्यवस्थित बंद होते, कुलूप लागतं, आणि गोळी सुटल्यावर डाव्या हाताच्या अगदी जवळ नळी फाटते. अमेरिकी कारखाने 20 बोरची काडतुसं पिवळ्या रंगात बनवतात ती यासाठीच. बंद न होणारी बंदूक निदान तक्रार तरी करते. ही मुकाट्याने बंद होते, म्हणून टिक् झाली की नळीतून आरपार उजेड दिसतो का हे पाहिल्याशिवाय दुसरं काडतूस घालायचं नाही.

भाचा : फळ्या आजच वेगळ्या करतो. तिची काडतुसं तिच्या कपाटात, कुलूपबंद.

मामा : आणि 12 बोरचं जाकीट घालून 20 बोरच्या मैदानावर जायचं नाही. खिशात एखादं उरतं.

भाचा : आता काडतूस घालून बघायचं का? नकली आहेत माझ्याकडे, लाल प्लास्टिकची.

मामा : आधी नकलीच.

नकली काडतुसावर बंदूक नीट बंद झाली. मग भाच्याने खोलीबाहेरून स्वतः भरलेल्या काडतुसांपैकी काही आणली. ट्रॅप खेळणारे बरेच जण वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरतात, खर्च वाचतो. मामांनी त्याला बंदुकीत काडतूस घालू दिलं नाही. नळी पुन्हा सुटी करायला लावली आणि सुट्या नळीच्या चेंबरमध्ये एकेक टाकायला सांगितलं. सुट्या नळीमागे बोल्ट नाही, फायरिंग पिन नाही. काडतूस स्वतःच्या वजनाने कडेपर्यंत खाली जायला हवं आणि नळी उलटी केली की बाहेर पडायला हवं.

पहिली काही गेली. मग एक मध्येच थांबलं. बोटाने दाबलं तर जात होतं, पण सहज नाही.

भाचा : याचं पितळी बूड फुगलंय. या पुंगळ्या पुष्कळदा भरल्या आहेत.

मामा : गोळी सुटते तेव्हा पितळ पसरून चेंबरला चिकटतं आणि थोडं मागे येतं. दर वेळी सगळं मागे येत नाही. पुन्हा भरण्याआधी बूड आवळून मापात आणायचं यंत्र असतं ना तुझ्याकडे?

भाचा : आहे. या घाण्याला ते कमी पडलेलं दिसतंय. म्हणजे आज नळी नीट बसवली असती आणि हीच काडतुसं घेऊन गेलो असतो, तर तिथे परत अडली असती.

मामा : आणि तू पुन्हा अ‍ॅक्शन बार लॉकला शिव्या दिल्या असत्या. म्हणून क्रम महत्त्वाचा. रिकामी बंद होते का? नाही, तर दोष बंदुकीत. रिकामी होते पण काडतुसावर होत नाही, तर दोष काडतुसात किंवा चेंबरमध्ये. आता नळीवर छापलेली लांबी वाच.

भाचा : 70 मिलिमीटर. पावणेतीन इंच. जुनी आहे ना.

मामा : मग 76ची काडतुसं घरात आणू नकोस. काडतुसावरची लांबी तोंड उघडल्यावरची असते. न उडालेलं 76चं काडतूस 70च्या चेंबरमध्ये बहुधा मावतं, बंदूक बंदही होते. उडताना त्याच्या तोंडाला उघडायला जागा मिळत नाही आणि दाब मर्यादेबाहेर जातो. आमच्याकडेही हे बघावंच लागतं. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात 12 बोरची काडतुसं बनतात, तीही डब्यावर लांबी वाचूनच घ्यायची.

भाचा : मामा, एवढं सगळं मी आज स्वतः केलं. तुम्ही बोट लावलं नाही. तरी तुमचं मत तेच?

मामा : माझं मत थोडं सरकलंय. मालकाने इथवर यावं, हे मी मान्य करतो. आमच्या परवानाधारकांना असं टेबलाशी बसवून शिकवायला हवं, सुटी नळी हातात देऊन. पण चापाचा संच तू सुटा करणार नाहीस. बाहेर काढ, धू, वाळव, तसाच परत बसव.

भाचा : आणि समजा उद्या पूर्ण बंद होऊनही कुलूप धरलं नाही तर? घोडा चढलेला, बोल्ट भिडलेला, तरी मूठ मागे येते. तेव्हा तर खरोखरच अ‍ॅक्शन बार लॉक किंवा त्याची स्प्रिंग असेल. कारखान्याचा तयार भाग मिळतो. तो मी का बसवू नये?

मामा : कारण तोच भाग चापालाही रोखून धरतो. बंदूक उघडी असताना घोडा पडू नये, हे काम त्याचं. तो नीट बसला की नाही याची खात्री तू कशी करणार?

भाचा : नकली काडतुसावर. मूठ थोडी थोडी मागे घेऊन चाप ओढून बघेन. घोडा पडला तर चूक कळेलच.

मामा : आज पडला नाही म्हणून शंभराव्या वेळी पडणार नाही? तिथे मला माणूस लागतो, ज्याने असे शेकडो भाग झिजताना पाहिलेत.

भाचा : मला इथे तुमचं पटत नाही. तो माणूसही कधीतरी पहिल्यांदा शिकलाच होता.

मामा : शेजारी उस्ताद उभा असताना शिकला.

भाचा : आज माझ्या शेजारी होतात तसा.

मामा : मी तीन आठवड्यांनी परत जाणार. बरं, मैदानावर कधी जाणार आहेस?

भाचा : शनिवारी. मुलीचा सराव आहे, त्याआधी ही चालवून बघेन.

मामा : कारखान्यातली नवी काडतुसं घे, तुझी भरलेली नकोत. एका वेळी एकच, थेट चेंबरमध्ये. मॅगझिन रिकामं. मूठ पुढे गेली की ओढून बघ, कुलूप धरतंय का. चाप ओढल्यावर आवाज झाला नाही, तर नळी मैदानाकडेच धरून निदान 30 सेकंद थांब. दारू उशिराही पेटते. मग मूठ मागे घेऊन उघड. आणि आवाज नेहमीपेक्षा बारीक आला, तर वॅड नळीत अडकलेला असू शकतो. बंदूक रिकामी करून नळीतून आरपार उजेड दिसेपर्यंत पुढचं काडतूस घालू नकोस.

भाचा : आणि मुलगी?

मामा : ती तुझ्या मागे उभी राहील, कानांवर मफ, डोळ्यांवर चष्मा. तिला क्रम मोठ्याने म्हणायला लाव. चुकली तर तू थांबायचंस.